उशीर का झाला, हे विचारणार कोण?

आयकराचे रिटर्न भरण्याची सर्वसाधारण मुदत वर्षानुवर्षे ३१ जुलै अशी ठरून गेलेली आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात, कापूस-सोयाबीनवर उभ्या असलेल्या या तालुक्याच्या गावात, जुलै हा भर खरिपाचा महिना. पाऊस वेळेवर आला तर निंदण-डवरणी आणि खताची घाई, पावसाने दडी मारली तर दुबार पेरणीची धास्ती. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे नुसत्या शेतकऱ्याला रिटर्नची चिंता नसते. पण त्याच्या जोरावर ज्यांचे दुकान चालते त्या कृषी केंद्रवाल्यांना, अडत्यांना, किराणा दुकानदारांना, ट्रॅक्टर-मोटार दुरुस्त करणाऱ्यांना ती असते. शिक्षकांना आणि पेन्शनरांनाही असते. वर्षातले सगळ्यांत धावपळीचे दिवस आणि कागदपत्रांची अंतिम तारीख इथे एकमेकांवर येऊन आदळतात. काहींची तारीख चुकते. कोणाच्या घरात आजारपण असते, कोणाचा आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडलेला असतो, कोणाचा हिशेब लिहिणारा ऐन वेळी अडकतो आणि कोणी खरोखरच आळस केलेला असतो. या सगळ्यांना पोर्टल एकच आकडा दाखवते. मग माणसे चिडतात, आणि त्यांच्या बोलण्यातून सहसा एकच तक्रार ऐकू येते : पैसे गेले त्याचे एवढे नाही, पण कोणी विचारले तरी का?

ही चीड नुसती पैशाची असती तर तिच्यावर धर्मविचाराच्या अंगाने लिहिण्याचे कारण नव्हते. पण तिच्यात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. चूक झाली म्हणून शिक्षा करायची असेल, तर शिक्षा करणाऱ्यावर काही बंधन येते की नाही? माझे म्हणणे असे की येते, आणि त्यातले पहिले बंधन विचारण्याचे आहे. उशिरामुळे सरकारचे जे आर्थिक नुकसान झाले ते कोणालाही काही न विचारता वसूल करता येईल. त्याला व्याज म्हणतात आणि त्यात अन्याय नाही. नुकसानीच्या वर जे घेतले जाते ती मात्र शिक्षा असते, आणि जिथे शिक्षा आली तिथे हेतू, ऐपत आणि परिस्थिती यांची विचारपूस यायलाच हवी. आपल्या करव्यवस्थेने गेल्या काही वर्षांत शिक्षा ठेवली आणि विचारपूस काढून टाकली. दारव्ह्यातल्या दुकानदाराचा संताप नेमका इथे बरोबर आहे.

हे कसे घडले ते पाहू. आयकर कायदा १९६१ मध्ये कलम २७१ एफ होते. आकारणी वर्ष संपेपर्यंतही ज्याने रिटर्न भरले नाही, त्याला पाच हजार रुपये दंड करण्याचा अधिकार त्या कलमाने अधिकाऱ्याला दिला होता. अधिकार दिला होता, सक्ती केली नव्हती. शिवाय त्याच कायद्याचे कलम २७३ बी सांगत असे की, चुकीमागे वाजवी कारण होते असे माणसाने दाखवून दिले तर हा दंड होणार नाही. २०१७ च्या वित्त कायद्याने चित्र पालटले. आकारणी वर्ष २०१८-१९ पासून कलम २३४ एफ आले आणि २७१ एफ त्या वर्षापासून मागे पडले. आता मुदत टळली की ‘शुल्क’ भरायचे, आणि ते भरल्याखेरीज रिटर्न पुढे सरकत नाही. आरंभी डिसेंबरअखेरपर्यंत पाच हजार आणि नंतर दहा हजार अशी रचना होती. पुढे ती सरसकट पाच हजार झाली; पाच लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला मात्र आरंभापासूनच एक हजार. वाजवी कारणाचे २७३ बी या शुल्काला लागू नाही. ज्याचा सगळा कर आधीच कापला गेला आहे, इतकेच काय, ज्याला सरकारकडून परतावा येणे आहे, त्यालाही हे शुल्क चुकत नाही. म्हणजे सरकार ज्याचे देणे लागते, तो माणूसही उशिरासाठी सरकारचा अपराधी ठरतो.

टीडीएसच्या, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेल्या कराच्या, बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसते. १ जुलै २०१२ पासून लागू झालेल्या कलम २३४ ई प्रमाणे टीडीएसचे तिमाही विवरणपत्र उशिरा भरले तर दिवसाला २०० रुपये शुल्क लागते, कापलेल्या कराच्या रकमेइतके होईपर्यंत. एखाद्या छोट्या शिक्षण संस्थेने तिमाहीत २० हजार रुपये कर कापला आणि तो वेळेवर सरकारी तिजोरीत भरलाही, पण त्याचे विवरणपत्र शंभर दिवस उशिरा दिले, असे समजा. शुल्क होते २० हजार. सरकारला आपला पैसा वेळेवर मिळालेला आहे, फक्त कागद उशिरा पोहोचला, आणि त्या कागदाची किंमत कराइतकी झाली. या कलमाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. रश्मिकांत कुंडलिया यांच्या प्रकरणात ६ फेब्रुवारी २०१५ रोजी न्यायालयाने ते घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला. विवरणपत्र उशिरा आले की खात्याचे काम वाढते, करदात्यांचे परतावे आणि आकारणी अडून राहते, त्या जादा कामाचा हा मोबदला आहे, दंड नाही, असा त्या निकालाचा आशय.

त्या निकालाचा मान राखून एक प्रश्न उरतोच. घटनेच्या कसोटीला उतरणे आणि न्याय्य असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; न्यायालयापुढे पहिला प्रश्न होता, आपल्यापुढे दुसरा आहे. शुल्क जर जादा कामाचा मोबदला असेल तर तो कामाच्या मापाने वाढायला हवा. शंभराव्या दिवशी आलेले विवरणपत्र संगणकात घ्यायला दहाव्या दिवसापेक्षा दहापट श्रम पडत नाहीत. चार लाखांच्या उत्पन्नाचे रिटर्न तपासायला एक हजार आणि सहा लाखांच्या उत्पन्नाचे तपासायला पाच हजार, असे कामाचे गणित असू शकत नाही. दिवसागणिक चढणारी आणि माणसाची ऐपत बघून बदलणारी रक्कम धाक दाखवण्यासाठी असते. धाक ही शिक्षेची खूण आहे. तिला कायद्याच्या कोणत्या प्रकरणात बसवले यावरून ती भोगणाऱ्याचे दुःख बदलत नाही, आणि ती देणाऱ्याची जबाबदारीही बदलत नाही.

सर्वोच्च न्यायालयानेच १९६९ मध्ये हिंदुस्तान स्टील विरुद्ध ओरिसा राज्य या खटल्यात ही जबाबदारी फार स्वच्छपणे मांडली होती. कायद्याने सांगितलेले काम केले नाही म्हणून होणारा दंड हा जवळजवळ फौजदारी स्वरूपाचा असतो. माणसाने जाणूनबुजून कायदा धाब्यावर बसवला, अप्रामाणिकपणा केला, किंवा आपल्या कर्तव्याकडे समजून-उमजून पाठ फिरवली, असे असल्याखेरीज तो साधारणपणे करू नये. आणि चूक तांत्रिक किंवा क्षुल्लक असेल तर किमान दंड ठरलेला असूनही तो न करण्याची मोकळीक अधिकाऱ्याला आहे, असे त्या निकालाने म्हटले. पुढे वारे बदलले. २००६ चा श्रीराम म्युच्युअल फंडाचा आणि २००८ चा धर्मेंद्र टेक्स्टाइलचा, हे निकाल दिवाणी स्वरूपाच्या दंडाला दोषी मनाचा पुरावा लागत नाही या बाजूला गेले. कायद्याच्या अभ्यासकांना या दोन प्रवाहांचा मेळ कसा घालायचा हे ठाऊक असेल. सामान्य माणसाच्या दृष्टीने एवढेच झाले की, १९६९ मध्ये त्याच्या मनात डोकावून पाहणारा कायदा हळूहळू त्याच्याकडे पाहीनासा झाला.

आपल्या परंपरेत दंडाचा विचार किती बारकाईने झाला आहे ते भारतरत्न महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात पानोपानी दिसते. दंड ठरवताना अपराध, स्थळ, काळ, अपराध्याचे बळ, वय, व्यवसाय आणि संपत्ती पाहावी असे याज्ञवल्क्य स्मृती सांगते. मनुस्मृतीत दंडाच्या पायऱ्या आहेत : आधी शब्दांनी समज, मग कडक निर्भर्त्सना, तिसऱ्या पायरीवर पैशाचा दंड आणि शेवटी शरीरदंड. धनदंड हा तिथे पहिला उपाय नाही. प्रायश्चित्ताच्या प्रकरणात तर जाणून केलेले आणि नकळत घडलेले पाप यांत सरळ भेद केला आहे, आणि नकळत घडलेल्याला प्रायश्चित्त हलके आहे. राज्याच्या हिताखेरीज दुसरे काही न पाहणारा म्हणून ज्याची ख्याती, तो कौटिल्यही सांगतो की कठोर दंडाने लोक धास्तावतात, सौम्य दंडाने राजाला कोणी जुमानत नाही, आणि ज्याला जेवढा योग्य तेवढा दंड देणाऱ्यालाच लोक मानतात. या विचारांमागे एक समज पक्की आहे. बाहेरून सारखी दिसणारी दोन कृत्ये आतून सारखी असतीलच असे नाही, आणि आतले पाहिल्याशिवाय दंड देणाऱ्याकडे दंड देण्याचा अधिकार पूर्णपणे येत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो या विषयावरचा सगळ्यांत वजनदार आक्षेप आहे. ज्या स्मृतींचा मी आधार घेतो आहे त्यांनी ‘माणूस पाहून दंड’ या तत्त्वाचे काय केले? त्यांनी माणसाची जात पाहिली. त्याच अपराधाला ब्राह्मणाला एक दंड आणि शूद्राला दुसरा, अशी विषमता मनुस्मृतीत उघड लिहिलेली आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिचे दहन झाले, त्यामागे हा अनुभव होता. पुढे संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदाने कायद्यापुढील समानतेचे वचन दिले. मग प्रत्येकाला पाच हजार लावणारे यंत्र त्या वचनाला जास्त जवळ नाही का? ते कोणाची जात विचारत नाही, कोणाचे आडनाव पाहत नाही, चहापाण्याचे पैसे मागत नाही. अधिकाऱ्याच्या हातात मर्जी दिली की तिच्याबरोबर ओळखपाळख, वशिला आणि लाच येणार, हे विदर्भातल्या कोणत्याही तहसील कचेरीच्या आवारात हयात घालवलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. विचारपूस नको, नियम हवा, असे दलित आणि गरीब माणूस म्हणत असेल तर त्याच्या म्हणण्यामागे शतकांचा छळ उभा आहे.

हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मान्य नाही. जुन्या व्यवस्थेचा अपराध असा की तिने जे पाहायला नको ते पाहिले. त्यावर उपाय म्हणून जे पाहायला हवे तेही पाहायचे बंद करणे, हा अपराधाचे परिमार्जन करण्याचा मार्ग नाही. समानता म्हणजे सर्वांकडे सारखेच दुर्लक्ष असे बाबासाहेबांना अभिप्रेत असते तर संविधानात मागासांसाठी विशेष तरतुदी आल्याच नसत्या. शिवाय सारखा आकडा म्हणजे सारखी शिक्षा, हेही खरे नाही. सहा लाखांच्या उत्पन्नावर जगणाऱ्या दुकानदाराला पाच हजार म्हणजे मुलाची शाळेची फी असू शकते; सहा कोटींच्या धन्याला ती रक्कम जाणवतही नाही. फिनलंडने हे ओळखून १९२१ पासून दंड माणसाच्या रोजच्या उत्पन्नाच्या हिशेबात मोजायला सुरुवात केली. आपल्याकडेही जीएसटीत जून २०२१ पासून विलंब शुल्काची कमाल मर्यादा उलाढालीप्रमाणे ठरते : व्यवहारच नसलेल्या महिन्याच्या रिटर्नला ५०० रुपये, दीड कोटीपर्यंत उलाढाल असेल तर दोन हजार, दीड ते पाच कोटी असेल तर पाच हजार. यंत्राला माणसामाणसांत फरक करता येत नाही, असे म्हणायला त्यामुळे जागा उरलेली नाही. ऐपत विचारायला यंत्राला शिकवले गेले. कारण विचारायला शिकवले गेले नाही, कारण तसे कोणी ठरवलेच नाही.

मर्जीला लगाम घालून विचारपूस कशी करता येते, याचा नमुना आपल्या न्यायव्यवस्थेत रोज चालू असतो. मुदत कायदा १९६३ चे कलम ५ म्हणते की, पुरेसे कारण असेल तर अपील उशिरा दाखल करून घेता येईल. कारण लेखी मांडायचे, दुसऱ्या बाजूने त्याला उत्तर द्यायचे, न्यायाधीशाने कारणमीमांसेसह निर्णय द्यायचा आणि तोही वरच्या न्यायालयात तपासला जायचा. या कलमावरचा सर्वांत प्रसिद्ध निकाल १९८७ चा, अनंतनागचे भूसंपादन जिल्हाधिकारी विरुद्ध कातिजी. तिथे अपिलाला चार दिवस उशीर झाला होता, आणि उशीर करणारे होते सरकार. उच्च न्यायालयाने अपील मुदतबाह्य ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा उशीर माफ केला, आणि सांगितले की पुरेशा कारणाकडे उदार दृष्टीने पाहावे, उशीर केल्याने पक्षकाराचा सहसा फायदा होत नसतो, आणि प्रत्येक दिवसाचा हिशेब मागण्याचा कर्मठपणा करू नये. पुढे २०१२ मध्ये पोस्ट खात्याच्या ४२७ दिवसांच्या उशिराला याच न्यायालयाने माफी नाकारली. सरकारी कामाची दिरंगाई हे कारण दरवेळी चालणार नाही, असे बजावले. दोन्ही निकाल बरोबर वाटतात, कारण दोन्ही वेळा कारण ऐकले गेले. चार दिवसांसाठी राज्याला जी सुनावणी मिळाली, तीच दारव्ह्याच्या नागरिकाला त्याच्या चार दिवसांसाठी मिळावी, एवढीच मागणी आहे.

धर्मांनी देणेकऱ्याच्या उशिराकडे कसे पाहिले, हे या ठिकाणी उपयोगी पडते. कुराणातल्या सूरह बकराची २८०वी आयत सांगते की देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड मिळेपर्यंत थांबावे. आणि पैगंबरांचे म्हणून बुखारीच्या संग्रहात आलेले वचन सांगते की, ऐपत असलेल्याने देणे लांबवणे हा जुलूम आहे. दोन्ही शेजारी ठेवली की सगळा विचार समोर येतो. अडलेल्याला मुदत आणि मातब्बराला दोष, आणि कोण कोणता हे कळण्यासाठी चौकशी अटळ. आजच्या इस्लामी वित्तसंस्थांच्या नियमांतही उशिराबद्दल आकारलेली रक्कम धनकोने आपल्या नफ्यात धरायची नाही, दानधर्माला द्यायची, असा दंडक आहे. शिक्षा करणाऱ्याला शिक्षेतून मिळकत होऊ लागली की त्याची न्यायबुद्धी डळमळते, ही समज त्यामागे आहे. विलंब शुल्क हे महसुलाचे साधन होऊ लागले तर आपल्या राज्याच्या बाबतीतही हीच भीती खरी ठरते.

आपल्या मातीतली गोष्ट मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारे उपाशी लोकांसाठी उघडली आणि शिक्षेसाठी त्यांना बिदरला नेले जात असताना विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात दरबारात जाऊन सगळी रक्कम चुकती केली, पावती घेतली, अशी कथा महिपतींनी १७६२ च्या ‘भक्तविजया’त सांगितली आहे. ही कथा चमत्कार म्हणून सांगितली जाते, तिच्यातला राजस्वाचा भाग मात्र लक्षात घेतला जात नाही. देव बादशहाला असे सांगत नाही की तुझे येणे खोटे आहे, मी ते मानत नाही. तो पैन् पै मोजून देतो. सरकारी येणे द्यायचेच असते, हे भक्तिपरंपरेला मान्य आहे. करबुडवेगिरीला या कथेत आसरा नाही. तिला अमान्य आहे ते एवढेच, की पोटात अन्न नसलेल्यांसाठी नियम मोडणारा आणि स्वतःची तुंबडी भरण्यासाठी मोडणारा एकाच बेडीत जखडले जावेत. शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेले पत्र हीच दृष्टी कारभारात आणते. ज्याच्याकडे बैल नाहीत, दाणा नाही, त्याला ते द्यावे आणि वसूल करताना वाढीदिढी न लावता फक्त मुद्दल, त्याला ताकद येईल तसतसे घ्यावे, असा त्याचा आशय आहे. ज्याने जाणून फसवले त्याच्यासाठी महाराजांच्या राज्यात वेगळी वागणूक होती, हे सांगायला नको.

यवतमाळ जिल्ह्याला हा विचार परका नाही, कारण शेतसाऱ्याच्या रूपाने तो इथे कागदावर आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ थकबाकीदाराला थकलेल्या रकमेच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत दंड करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला देते. ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा, कारण तो शून्यालाही जागा ठेवतो. सरकारनेच वसुली तहकूब केली असेल तर तो दंड लागत नाही. आणि पिकाची पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली की महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती अशा सवलतींचा मार्ग उघडतो. पैसेवारी काढताना गावनिहाय कापणीचे प्रयोग होतात, त्यांवर वाद होतात, आकडे खोटे काढल्याचे आरोप होतात. ही व्यवस्था निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. तरीही तिच्या मुळाशी एक सभ्यता आहे : वसुलीला जाण्याआधी राज्य शिवारात उतरून विचारते की यंदा पिकले का? आयकर आणि जीएसटी यांच्या विलंब शुल्काच्या व्यवस्थेत या प्रश्नाला समांतर असा प्रश्न नाही.

वेळेवर भरणाऱ्यांचे काय, हा आणखी एक आक्षेप. जो रात्र जागून ३१ जुलैच्या आत रिटर्न भरतो, त्याला उशिरा आलेल्याची माफी पाहून वाईट वाटणार. त्याचे वाईट वाटणे रास्त आहे आणि त्याचे उत्तर व्याजात आहे. कलम २३४ ए प्रमाणे भरायच्या राहिलेल्या करावर दरमहा एक टक्का व्याज लागते. त्याला हात लावायचे कारण नाही. कारण न सांगता येणाऱ्याला आणि सवयीने उशीर करणाऱ्याला दंडही व्हावा, चढता व्हावा. पण न विचारता लावलेल्या शुल्काने शिस्त वाढतेच असे नाही. इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा अभ्यास ऊरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांत ठरीव दंड सुरू केला, तर उशिरा येणारे कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाले, आणि दंड बंद केल्यावरही संख्या पूर्वपदावर आली नाही. आधी उशीर करताना बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटत होती. दंड आल्यावर उशीर विकत घेता येऊ लागला. कर्तव्याला किंमत चिकटली की कर्तव्याची जाणीव उठून जाते. पाच हजार भरून डिसेंबरपर्यंत निर्धास्त राहणारे सधन करदाते याच हिशेबाने चालतात.

वेळेवर भरणाऱ्याचा खरा अपमान दुसरीकडे होतो, अभय योजनांत. दारव्ह्यासारख्या नगरपरिषदांच्या गावांत मालमत्ता कर थकला की १९६५ च्या नगरपरिषद कायद्याप्रमाणे दरमहा दोन टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. वर्षे लोटली की शास्ती मूळ कराच्या पुढे जाते, मग लोक कर भरणेच सोडून देतात, वसुली ठप्प होते, आणि शेवटी शास्तीत सूट देण्याचा विचार येतो. अशी सूट देता यावी म्हणून कायद्यात दुरुस्ती करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. थकबाकीदारांना दिलासा मिळाला याचा आनंदच आहे. पण या माफीची पद्धत पाहा. एका विधवेने कारण सांगितले तर ऐकायला कोणी नाही. लाखो लोक थकले की कोणाचेही कारण न विचारता सर्वांना सूट. जीएसटी कायद्याच्या कलम १२८ मध्येही विलंब शुल्क माफ करण्याचा अधिकार आहे तो करदात्यांच्या वर्गांसाठी. एकेकट्या माणसासाठी राज्य कठोर आणि गर्दीसाठी उदार, हे दया आणि न्याय या दोघांच्याही विरुद्ध आहे. ज्याने पोटाला चिमटा घेऊन शास्ती भरून टाकली, तो या योजनेत मूर्ख ठरतो.

राज्याच्या स्वतःच्या उशिराचा हिशेबही मांडला पाहिजे, कारण ज्याला दुसऱ्याला शिक्षा करायची त्याने स्वतःला त्याच मापाने मोजावे, ही अपेक्षा सर्व धर्मांत आहे. ज्या मनुस्मृतीवर वर टीका केली तीदेखील, सामान्य माणसाला जिथे एक नाणे दंड तिथे राजाला हजार, असे म्हणते. आपल्याकडे माप उलटे आहे. करदात्याच्या उशिराला दरमहा एक टक्का, तर परतावा देताना कलम २४४ ए प्रमाणे सरकार देते दरमहा अर्धा टक्का. जीएसटीत करदात्याला वर्षाला अठरा टक्के, सरकारला सहा. परतावा वर्षभर अडला म्हणून कोणत्या कार्यालयाला दिवसाला २०० रुपये शुल्क लागल्याचे ऐकिवात नाही. ७ जून २०२१ रोजी आयकराचे नवे पोर्टल सुरू झाले ते दोषांसह, इतके की त्या वर्षीची मुदत डिसेंबरअखेरपर्यंत न्यावी लागली. जीएसटीच्या पोर्टलबद्दल पुण्याची एक कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली तेव्हा, फेब्रुवारी २०१९ मध्ये, न्यायालयाने ही करप्रणाली करदात्याला अनुकूल नसल्याबद्दल उघड नाराजी नोंदवली. ५ जुलै २०२४ पासून पोर्टलच्या प्रणालीत केलेल्या बदलामुळे काही करदात्यांना कलम ८७ ए ची करसवलत मागताच येईनाशी झाली; चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्सच्या याचिकेवर त्याच न्यायालयाने मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवायला लावली. सरकारी यंत्रणा चुकली की मुदतवाढ, नागरिक चुकला की शुल्क. हे विषम माप बदलल्याशिवाय वक्तशीरपणाचा उपदेश करण्याचे नैतिक बळ राज्याला येणार नाही.

बदल अशक्य आहे, असेही नाही. २०२५ च्या नव्या आयकर विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात उशिरा रिटर्न भरणाऱ्याला परतावाच नाकारणारी तरतूद आली होती. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीने ती काढण्याची शिफारस केली आणि ती निघाली. संसदेला उशीर आणि अपराध यांत फरक दिसू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. आता पुढचे पाऊल टाकावे. वाजवी कारणाचे जे संरक्षण दंडाला मिळत होते, ते विलंब शुल्कालाही मिळावे. पोर्टलवर शुल्काच्या चौकटीआधी कारण लिहायची आणि कागद जोडायची जागा असावी; आजारपण, मृत्यू, नैसर्गिक आपत्ती, पोर्टलचा बिघाड ही कारणे नियमात लिहून ठेवावीत म्हणजे मर्जीला वाव राहणार नाही; नकार कारणांसह लेखी मिळावा. पहिल्या चुकीला समज पुरावी. परताव्यावरचे आणि थकबाकीवरचे व्याज एका दराने लागावे. दारव्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी, शिक्षकांनी, कर सल्लागारांनी या मागण्यांचे निवेदन आपल्या खासदारांमार्फत वित्त मंत्रालयाकडे पाठवावे, आणि तोवर ज्याला शुल्काची नोटीस येईल त्याने पैसे भरताना आपले कारणही लेखी कळवावे, त्याची पोच घ्यावी, विचारणारे कोणी नसले तरीही.